"किती सुटलीस गं!" : वजनावरून बोलण्याने मनाचं काय होतं



आज वजनाबद्दल बोलणार आहे. पण डाएट सांगणार नाही आणि व्यायामाचा तक्ताही देणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते वजनावरून जे ऐकवलं जातं त्याबद्दल. लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या रांगेत, शिंप्याच्या दुकानात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे घरी, जेवणाच्या ताटावर.

मी तीसहून जास्त वर्षं फौजेत काढली. फौजी माणूस म्हटला की लोकांना वाटतं, हा म्हणणार, "दोन शब्द लागले तर काय बिघडलं? पोरं घट्ट होतात." निवृत्तीनंतर मी महूला राहतो. इथे आई-वडील मुलांना घेऊन माझ्याकडे येतात आणि मुलासमोरच सांगतात, "साहेब, याला जरा झापा. बघा कसा सुटलाय." अपमान केला की माणूस सुधारतो आणि फौजेत हेच चालतं, असं त्यांनी धरलेलं असतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. वजनावरून टोचून बोलल्याने वजन कमी होत नाही, मन मात्र नक्की खचतं, आणि कित्येकदा वजनही वाढतं. हे मी मायेपोटी बोलतोय असं वाटू देऊ नका. यावर बरीच वर्षं अभ्यास झालेला आहे. तो आज सोप्या भाषेत सांगतो.

थट्टा कुठे संपते

आपल्या मराठीत अंगावरून हाक मारायला शब्दांची कमी नाही. जाड्या, ढोल्या, ढब्बू, भोपळा. अंगाने बारीक असेल तर काडीपैलवान, सुकट, बोंबील. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातल्या मुलाला तर हे दोन भाषांत ऐकावं लागतं. घरी जाड्या, शाळेत मोटू.

कुणी म्हणेल, मित्रांत एवढं चालायचंच. खरं आहे, चालतं. दोन मित्र एकमेकांना काहीबाही बोलतात, दोघंही हसतात आणि विषय संपतो. ती थट्टा. पण मी तीन गोष्टी बघायला सांगतो. एक, हे रोज होतंय का? दोन, ज्याला बोललं जातंय तो बरोबरीने उलट बोलू शकतो का? तीन, "नको म्हणू" असं सांगितल्यावर समोरचा थांबतो का? रोज होत असेल, उलट बोलता येत नसेल आणि सांगूनही थांबत नसेल, तर तो छळ आहे, मग बोलणारा कितीही हसत बोलत असो. यात दुसरा प्रश्न मोठ्या माणसांनी स्वतःला जरूर विचारावा. काका, मावशी, सर, बाई यांना मूल कधीच बरोबरीने उत्तर देऊ शकत नाही. दिलं तर उद्धट ठरतं. म्हणून मोठ्यांची "गंमत" मुलाला गंमत वाटेलच असं नाही.

अंगावरून पाडलेल्या नावाची आणखी एक खोड आहे. ते मूळ नावाची जागा घेतं. वर्गात कुणाला त्या मुलाचं खरं नाव आठवत नाही, ढोल्या म्हटलं की सगळ्यांना कळतं. मुलगा चित्रं छान काढत असेल, गणितात हुशार असेल, गात असेल, ते सगळं मागे पडतं. पुढे तो स्वतःलाच त्या नावाने ओळखायला लागतो.

मनात काय होतं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ४,७४६ शाळकरी मुलामुलींचा एक मोठा अभ्यास झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात १०० मुलींमागे ३० जणींनी आणि १०० मुलांमागे सुमारे २५ जणांनी सांगितलं की बरोबरीची मुलं आम्हाला वजनावरून चिडवतात. घरची माणसं चिडवतात असं सांगणाऱ्या मुली १०० मागे जवळपास २९ होत्या आणि मुलगे १६. म्हणजे मुलींच्या बाबतीत घर आणि शाळा यांत फारसा फरक नव्हता.

चिडवल्या जाणाऱ्या मुलांत स्वतःबद्दलची नावड, उदासी, आणि जीव नकोसा होण्याचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळले. ज्यांना घरी आणि बाहेर दोन्हीकडे ऐकावं लागतं त्यांची अवस्था सगळ्यात वाईट होती. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की मुलाचं वजन प्रत्यक्षात किती आहे यावर हे अवलंबून नव्हतं. जाड मूल असो, मध्यम असो की बारीक, चिडवण्याचा त्रास दिसलाच. म्हणजे मनाचं दुखणं वजनातून येतं असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. ते बोलण्यातून येतं.

ते कसं ओळखायचं? मूल येऊन सांगत नाही. सांगायचं म्हणजे तोच शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा, आणि त्याचीच तर लाज वाटत असते. जबलपूरला असताना शेजारच्या क्वार्टरमध्ये आठवीतली एक मुलगी होती. एप्रिलमध्ये, जबलपूरच्या उन्हाळ्यात, ती शाळेच्या गणवेशावर स्वेटर घालून जायची. आईला वाटायचं, हट्टी आहे. वर्गात तिच्या दंडांवरून बोलत होते, हे बऱ्याच महिन्यांनी कळलं. मुलं अशा खुणांनी सांगतात. पीटीच्या तासाला पोट दुखतं. पोहायला नको असतं. ग्रुप फोटोत मागच्या ओळीत उभं राहायचं असतं. नवे कपडे घ्यायला दुकानात यायचं नसतं. सगळ्यांसमोर चिमणीएवढं जेवायचं आणि रात्री स्वयंपाकघरात डबे उघडायचे. यातलं एखादं सगळ्याच मुलांत असतं. पण दोन-तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या, तर मूल हट्टी आहे म्हणून सोडून देऊ नका.

"भल्यासाठीच बोलतो ना"

आता घरच्या माणसांकडे येतो, कारण माझे बहुतेक श्रोते आई-वडील नाहीतर आजी-आजोबा आहेत. तुम्ही म्हणाल, बाहेरचे हसायला बोलतात, आम्ही काळजीने बोलतो. काळजी खरी असते, मला त्यात शंका नाही. पण ती मुलापर्यंत पोचते कशी?

अमेरिकेतच दोन हजारांवर मुलींचा दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. २०१४ साली ते निष्कर्ष छापून आले. दहाव्या वर्षी ज्यांना "तू फार जाड आहेस" असं कुणीतरी म्हटलं होतं, त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता इतर मुलींपेक्षा जास्त होती. कुणी विचारेल, त्या आधीच जाड असतील म्हणून त्यांना तसं म्हटलं असेल. अभ्यास करणाऱ्यांनी दहाव्या वर्षीचं वजन हिशेबात धरलं होतं. तरीही फरक उरला. आणि म्हणणारी व्यक्ती घरची असेल तर परिणाम अधिक होता.

मोठ्या माणसांतही असंच दिसलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजनावरून वाईट वागणूक मिळते असं सांगणाऱ्या, पण त्या वेळी लठ्ठ नसलेल्या लोकांत पुढच्या काही वर्षांत लठ्ठ होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे अडीचपट होतं.

असं का व्हावं? विचार केला तर फार अवघड नाही. अपमान हा शरीरासाठी धोक्याचा इशारा असतो. अशा वेळी शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं. ते भूक वाढवतं आणि गोड-तेलकटाकडे ओढतं. खाल्ल्यावर घटकाभर बरं वाटतं, मग खाल्ल्याची लाज वाटते, आणि ती लाज पुन्हा डब्याकडे नेते. दुसरीकडे, जिथे चार लोक बघतील तिथे जाणं माणूस टाळतो. मैदान टाळतो, जिम टाळतो, तलाव टाळतो. म्हणजे वजन उतरवायच्या ज्या जागा, त्याच जागांची त्याला धास्ती बसते. काही जण डॉक्टरकडेही जात नाहीत, कारण कान दुखतोय म्हणून गेलं तरी आधी वजनावरच ऐकावं लागतं. काही मुली उलट टोकाला जातात. जेवण सोडतात, उलट्या काढतात. तो वेगळाच आजार होऊन बसतो आणि त्याला उपचार लागतात.

टोमणा मारणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याने एक वाक्य बोललेलं असतं आणि पुढच्या पंगतीत तो विसरलेलाही असतो.

नुसतं बघून काही कळत नाही

वजनावरून बोलणारा माणूस मनात एक गोष्ट पक्की धरून असतो. जाड माणूस म्हणजे आळशी, खादाड, ताबा नसलेला. ही समजूत तपासून बघू.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. उंचीच्या मानाने वजन किती, याचा जो आकडा काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के निघाली. जास्त चरबी होती ती आपल्या डॉ. याज्ञिकांच्या शरीरात. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी लपलेली असू शकते, हे यातून जगाला कळलं. दोन नामांकित डॉक्टर शेजारी उभे राहिले तरी नुसत्या नजरेला हे समजत नाही. मग हळदीकुंकवाला आलेल्या बाईला एका नजरेत काय समजणार?

वजनामागे कारणंही अनेक असतात. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचे अभ्यास झाले, त्यांत एकसारख्या जुळ्यांची वजनं निरनिराळ्या घरी वाढूनही एकमेकांच्या जवळ जाणारी आढळली. थायरॉइड, मुलींमधला पीसीओएस, स्टेरॉइडच्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं, अपुरी झोप यांनीही वजन वाढतं. शिवाय वजन उतरवलं की शरीर आपला खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं, म्हणून उतरलेलं वजन पुन्हा चढतं. खाणं आणि हालचाल यांचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. पण "तोंड बंद ठेव, होईल कमी" हे सांगणं म्हणजे ताप आलेल्याला "थंड हो" सांगण्यासारखं आहे.

आपल्या देशाचं चित्रही लक्षात घ्या. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं आणि १८.७ टक्के स्त्रियांचं कमी. पुरुषांत जास्त वजनाचे २२.९ टक्के, कमी वजनाचे १६.२ टक्के. "किती सुटलीस" आणि "किती वाळलीस" या दोन वाक्यांनी देशातल्या दर पाचांतल्या दोघा माणसांना आपण बोलू शकतो. लग्नाच्या बाजारात तर मुलीला दोन्ही बाजूंनी ऐकावं लागतं. जराशी भरलेली असली की "हेल्दी आहे हो", बारीक असली की "अंगात काही नाही". दाखवायच्या कार्यक्रमाआधी महिना-दीड महिना उपाशी राहणाऱ्या मुली मी नात्यात पाहिल्या आहेत.

फौजेत वजन कसं बघतात

आता ज्यांना वाटतं की फौजेत झापूनच वजन उतरवतात, त्यांच्यासाठी. फौजेत वजनाला महत्त्व आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. उंची आणि वय यांच्या तक्त्याशी वजन ताडून बघतात. ते मर्यादेबाहेर असलं तर मेडिकल कॅटेगरी खाली येऊ शकते आणि त्याचा बढतीवर परिणाम होऊ शकतो. इतकं ते गंभीर असतं.

पण ते होतं कसं बघा. वजन काट्यावर घेतात, कुणाच्या नजरेने ठरवत नाहीत. आकडा कागदावर जातो. पुढचं डॉक्टर बोलतात. आधी रक्त तपासतात, काही आजार आहे का ते बघतात. मग खाणं, व्यायाम आणि मुदत ठरते. मुदतीनंतर पुन्हा काटा. या साखळीत टिंगलीला जागा नाही, कारण टिंगलीचा उपयोग नाही. बरॅकमध्ये पोरं एकमेकांना नावं ठेवतात, तिथे फौजही समाजासारखीच आहे. पण ती नावं हा काही प्रशिक्षणाचा भाग नव्हे.

महूच्या मैदानावर मी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पहाटे पळवतो. भरतीला १.६ किलोमीटरची धाव असते. दोन वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक मुलगा यायला लागला, अंगाने जड. चार दिवसांत पोरांनी त्याचं नाव "ट्रॉली" पाडलं. आठवड्याने तो दिसेना. चौकशी केली तर कळलं, तो पहाटे साडेतीनला एकटाच अंधारात पळून जातो आणि रात्रीचं जेवण त्याने सोडलंय. पुढे एक दिवस तो चक्कर येऊन पडला.

मी मैदानावर दोन नियम केले. अंगावरून नाव ठेवणाऱ्याने त्या दिवशी घरी जायचं. आणि वजन दर रविवारी, एकेकट्याचं, ज्याच्या त्याच्या वहीत. दुसऱ्याची वही कुणी बघायची नाही. त्या मुलाला म्हटलं, तू तुझ्या गेल्या रविवारच्या वेळेशी स्पर्धा कर. तो पुन्हा सगळ्यांबरोबर पळायला लागला. नऊ मिनिटांवरून साडेसहावर आला. भरतीत त्याची निवड झाली नाही, हेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सिनेमा सांगतोय. आज तो इंदूरला नोकरी करतो, रविवारी येतो, पळतो आणि पोटभर पोहे खाऊन जातो. पहिल्या महिन्यात तो मान वर करून बोलत नव्हता. आता नव्या पोरांना वॉर्मअप तोच शिकवतो.

आपण काय करायचं

घरात वजनाबद्दल बोलूच नये का? बोलावं, पण चारचौघांत नाही, ताटावर नाही, आणि दुसऱ्या मुलाशी तुलना करून नाही. "तू जाड झालीस" यापेक्षा "आपण सगळे रात्री जेवून फिरायला जाऊ" हे बरं. "सगळे" हा शब्द महत्त्वाचा आहे. भावाला लाडू आणि बहिणीला काकडी असं करू नका. घरात जे शिजेल ते सगळ्यांसाठी. तब्येतीची खरी काळजी असेल तर डॉक्टरकडे न्या आणि डॉक्टरला आधीच सांगा की मुलाशी सन्मानाने बोला. हा तुमचा हक्क आहे.

पाहुणे बोलले तर गप्प बसू नका. मूल त्या वेळी पाहुण्याकडे बघत नसतं, तुमच्याकडे बघत असतं. भांडायची गरज नाही. "आमच्याकडे अंगावरून बोलत नाही आम्ही. तिचं चित्र बघितलंत का?" एवढं हसून म्हटलं तरी पुरतं.

शिक्षकांसाठी: संघ निवडताना दोन कॅप्टन उभे करून एकेकाला उचलायला लावू नका. जड मूल दर वेळी शेवटी उरतं आणि ते सगळा वर्ग बघतो. चिठ्ठ्या टाका. वजन-उंची मोठ्याने वाचू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींना मनाई आहे. कॉलेजांच्या बाबतीत यूजीसीने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत रंगरूपावरून केलेला छळही घातला आहे. तक्रार करायला आधार आहे.

मूल उदास राहत असेल, जेवण सोडत असेल, मरणाची भाषा करत असेल तर थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे.

शेवटी, जे हे ऐकून घेतायत त्यांच्याशी दोन शब्द. तुम्ही पंधरा वर्षांचे असा की पन्नास, तुम्हाला जे बोललं गेलं त्याने वाईट वाटणं हा दुबळेपणा नाही. तुमच्या भरवशाचं एक माणूस शोधा आणि त्याला तो शब्द जसाच्या तसा सांगा. शब्द तोंडातून बाहेर पडला की त्याचं ओझं थोडं कमी होतं. व्यायाम करायचा असेल तर तब्येतीसाठी करा. कुणाचं तोंड बंद करायला करू नका, कारण ते तोंड उद्या "किती वाळलीस" म्हणायला उघडणारच आहे.

गणपतीत घरोघरी माणसं जमतात. वर्षाने भेटलेल्या भाचीला पहिलं वाक्य काय बोलायचं, ते दारात शिरण्याआधी ठरवून ठेवा. "कशी आहेस?" हे पुष्कळ झालं. आणि मग तिचं उत्तर पूर्ण ऐका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.